कट्ट्याचा दर

बाळासो माझा पाठचा भाऊ, सख्खा. त्येचं नाक कापलं जावं म्हणून मी जोतिबाला नारळ बोललोतो, आणि हे सांगायला मला कुणाच्या बापाची भीड न्हाय.

मी चिमणाबाई. समदी पेठ मला आक्का म्हणती. शिवाजी पेठेत आमचा दुधाचा कट्टा हाय. कट्टा म्हंजे काय लई मोठं न्हवं. रस्त्याकडंला दगडी वट्टा, आणि मागच्या भिंतीत ठोकल्याल्या चार लोखंडी कड्या. सकाळ-संध्याकाळ मी म्हसरं आणून त्या कड्यांना बांधतो, गिऱ्हाईक किटली घिऊन हुबं ऱ्हातंय, आणि त्येच्या डोळ्यादेखत धार काढून देतो. पाण्याचा थेंब न्हाय, पिशवीतला कारभार न्हाय. कुणी पावणं आलं तर गिलासातच धार काढायची आणि फेसासकट हातात द्यायची. आमच्या आण्णांनी, म्हंजे वडलांनी, जन्मभर हेच केलं. त्येंच्या माघारी मी करतोय. नवऱ्याचं घर तिशीतच सोडून आलो, तवापासनं ह्यो कट्टा हेच माझं सासर आणि हेच माझं माहेर.

कट्ट्याच्या बराबर समोर कोपऱ्यावर आमचा गोठा हुता. आण्णा गेलं आणि त्या जाग्यावर बाळासोची नजर पडली. तवा त्यो नवा नवा बिल्डर झालाता. जोतिबाला जाऊन तसाच घरी आला, कपाळाला गुलाल, माझ्या म्होरं मांडी घालून बसला आणि म्हणला, "आक्का, तुझा हक्क सोड. हितं कॉम्प्लेक्स बांधतो. समद्या गाड्या खाली तळघरात जातील, रस्ता मोकळा ऱ्हाईल, तुझ्या कट्ट्याला धक्का लागायचा न्हाय. जोतिबाची शप्पथ."

भैनीनं भावाला हक्क सोडायचा, ही आमच्याकडची रीतच. सोडला न्हाय तर माहेर तुटतं म्हणत्यात. मी सही केली, म्हसरं घरामागच्या परड्यात हलवली. बदल्यात एक साडीसुदीक मागितली न्हाय. कट्टा तेवढा मागितला.

कॉम्प्लेक्स झालं. चार मजलं, काचाच काचा. तळघर झालं, तळघरात जायला रस्त्यावरनं उतार झाला. आणि गाड्यांच्या जाग्यावर काय आलं म्हणता? साडी सेंटर! पांढऱ्याफेक गाद्या, तक्के, आरसे. आणि मधोमध, हार घालून, आण्णांची राजदूत मोटरसायकल. ती गाडी आण्णांच्या दिवसाच्या कार्यादिवशीच त्येनं गोठ्यातनं उचलून न्हेलीती, आठवण म्हणून. आठवण शोकेसमधी, आणि गिऱ्हाइकांच्या मोटारी माझ्या कट्ट्यावर. मुडदा बशिवला त्या शपथेचा.

आता चंद्रीचं सांगतो, म्हंजे माझं डोस्कं का फिरलं ते कळंल.

आमच्याकडं म्हसरं दाव्यानं वढत न्हेत न्हाईत. मालक मोटरसायकलीवर म्होरं, आणि त्या गाडीच्या आवाजावर म्हसरं मागनं पळत्यात. दुसरी धा गाड्या वाजू देत, मान वळवणार न्हाईत. आपली गाडी वाजली की शेपटी वर! दिवाळीच्या पाडव्याला तर शिंगं रंगवून, गळ्यात घुंगरं बांधून, सायलेन्सर काढल्याल्या गाड्यांमागं म्हसरं पळवायची, आणि बघायला सगळं कोल्हापूर रस्त्यावर. चंद्री माझी सगळ्यात थोरली. ती रेडकू असताना तिची आई मेली. बाळासो तवा कालेजात हुता. त्येनंच तिला बाटलीनं दूध पाजून जगवली, त्येनंच नाव ठेवलं. रातच्याला तिच्याजवळच झोपायचा. ह्ये इसरू नका, म्होरं लागणार हाय.

गेल्या पाडव्याला चंद्री सगळ्यांच्या म्होरं पळत आली आणि कट्ट्याजवळ वळली. तितं बाळासोच्या गिऱ्हाइकाच्या दोन मोटारी आडव्यातिडव्या लावल्याल्या. तिला वळायला जागा मिळंना. एका मोटारीला घासली आणि गटारीत पाय जाऊन मोडला. म्हसराचा पाय मोडला की संपलं. मी तिचं डोस्कं मांडीवर घिऊन रस्त्यात बसलो. गर्दी झाली. बाळासो काचंच्या दारातनं भाईर आला, गर्दीतनं वाट काढत मोटारीजवळ गेला, दारावर बोट फिरवलं आणि मला म्हणला, "गिऱ्हाइकाच्या गाडीवर चरा पाडला की गं, आक्का. आता ही म्हसरं गावाभाईर न्ही. शहर हाय हे, गोठा न्हवं."

कुठली म्हैस पडलीया ते बघायला मान वळवली न्हाय त्येनं.

चंद्री दिवाळी सरायच्या आत गेली. मी निरोप धाडला. त्यो आला न्हाय. त्याच दिवशी मी जोतिबाला नारळ बोललो.

त्यानंतर एक फीची भानगड निघाली. तळघराला परवानगी गाड्यांची आणि मांडल्यात साड्या, ते बाळासोला कायद्यात बसवून घ्यायचं हुतं. नव्या नियमात एक वाट हुती. जुन्या पेठांतनी ज्येला पार्किंग बांधायला खरंच जमत न्हाय, त्येनं दर गाडीमागं फी भरायची, आणि त्या पैशातनं जवळपास सगळ्यांसाठी पार्किंग करायचं. फीचा दर किती लावायचा ते ठरवायला महापालिकेनं एक कमिटी नेमलीती. बाळासोनं लगीच अर्ज टाकला. आणि फीच्या पैशातनं पार्किंग कुटं करावं, ते बी त्येनंच सुचवलं. कुटं? माझ्या कट्ट्यावर! म्हंजे मला हाकलायचं, आणि ते बी त्येनं भरल्याल्या चार चिल्लरीतनं.

सुनावणीला मी गेलो. संगट लालासाब मिस्त्री. लालासाबचं गॅरेज कट्ट्याला लागून हाय. त्येच्याबी दारात त्याच मोटारी, दोन वर्सं झाली बिचाऱ्याला गिऱ्हाईक आत घेता येत न्हवतं. हॉलमधी म्होरल्या खुर्च्यांवर समदं बिल्डर, कडक इस्तरीचं. कमिटीच्या म्होरक्या स्नेहल मॅडम. वयानं कवळ्या, पर आवाज असा की हॉल गप.

बाळासो उठला. "मॅडम, पेठंतली जागा लई आडचणीची. उतार एवढा उभा आणि अरुंद झालाय की मोटार उतरतच न्हाई. आमी तरी काय करणार? आमा स्थानिकांना परवडंल असा नाममात्र दर ठेवा, आमी हसत भरतो."

नाममात्र! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठलो. "मॅडम, एक ईचारतो. फी घिऊन तुमी पार्किंगला जागा कुटनं आणणार?"

"घ्यावी लागेल," मॅडम म्हणल्या.

"मग दर त्या जाग्याच्या भावानं ठरवा की. ह्यो भाऊ माझा. एका मोटारीयेवढी जागा त्येच्या कॉम्प्लेक्समधी मला इकत कितीला दील, त्येलाच ईचारा. तेवढाच दर त्येला लावा. माझ्या कट्ट्याला नाममात्र, आणि त्येच्या फरशीला सोन्याचा भाव, ह्यो कुठला न्याय?"

बिल्डर लोक खॅ खॅ हसलं. बाळासो वळून त्येंना म्हणला, "थोरली भैन हाय माझी. जरा तापट हाय. म्हसरांत राहून राहून..."

मॅडम हसल्या न्हाईत. त्येंनी कायतरी लिहून घेतलं आणि म्हणल्या, "फी कुणाकडून घ्यायची, ते आधी. उतार खरंच निकामी असेल तर फी घेऊ. नसेल, तर फीचा प्रश्नच येत नाही, गाड्या तळघरातच लागतील. आम्ही जागेवर येऊन बघू."

भाईर आल्यावर मी खुशीत. पर लालासाबनं डोस्कं हलवलं. "आक्का, बघायला येतील तवा त्यो उताराच्या दोनी बाजूला कुंड्या मांडंल. एकांदी गाडी मुद्दाम मधीच आडकवून दावंल. गेट त्येचं, डायवर त्येचा. उतार चांगला हाय हे दावायला तुझी मोटार कुटं हाय?"

मी तितंच रस्त्यात थांबलो. माझ्याकडं मोटार न्हवती. पर आण्णांची राजदूत त्या तळघरात हुती की!

"लालासाब," मी म्हटलं, "त्या राजदूतची सर्व्हिसिंग कोण करतंय रं?"

"मीच. सणासुदीला त्यो मला बोलावतोय. पुसून घेतोय, हार घालतोय."

"आणि तसलीच दुसरी राजदूत हाय तुझ्याकडं?"

लालासाबनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग हळूच हसाय लागला. "आक्का, तू लई वंगाळ बाई हैस."

"व्हय," म्हटलं, "हाय."

संक्रांतीपासनं आमी सुरवात केली. लालासाबच्या गॅरेजात एक भंगारातली राजदूत पडलीती, ती त्येनं चालू केली. माझी राहिल्याली तीन म्हसरं, हरणी, शेवंती आणि पुतळी, तिघींनी आण्णांच्या टायमाला त्योच आवाज ऐकल्याला. आठवण बुजली आसंल, पर मेली न्हवती. रोज संध्याकाळी लालासाब गॅरेजात किक मारणार, फट फट फट, आणि मी सरकीची पेंड पाटीत वतणार. आवाज न्हाय तर पेंड न्हाय. पैल्या आठवड्यात नुसत्या कान हलवायच्या. मग हंबरायला लागल्या. शिमगा जवळ आला तवा किक बसायच्या आतच दावी ताणून धरायला लागल्या. म्हसरू पोटाचं गुलाम, आणि माणूस तोऱ्याचं. माझ्या भावाचा तोरा मी बारशापासनं वळखतोय. कुणी "तुला जमायचं न्हाय" म्हटलं की ह्यो पिसाळलाच.

शिमगा झाल्यावर कमिटीचा निरोप आला, अमुक दिवशी चारच्या पुढं येतोय. बाळासोनं आदल्या दिवशी लालासाबला बोलावलं. "मोठी माणसं येणार हायती, आण्णांची गाडी चकाचक कर." लालासाबनं केली. ताजं पेट्रोल घातलं, प्लग बदलला आणि जाता जाता सायलेन्सरातली जाळीबी काढून खिशात घातली.

त्या दिवशी दुपारी मी म्हसरांना काय घातलं न्हाय. हरणी माझ्या हातात तोंड घालून पेंड हुडकाय लागली तवा काळीज तुटलं माझं. तरी घातलं न्हाय. चार वाजता कट्ट्यावर आणून दावी कड्यांत नुसती आडकवली, गाठ मारली न्हाय. लालासाबला म्हटलं, "आवाज आला की रस्त्यात हुबा ऱ्हा आणि गाड्या आडव. कुणाच्या पोराला धक्का लागाय नगं." आणि पदर खोचून कमिटीच्या मागनं तळघरात उतरलो.

लालासाब बोललाता तसंच घडलं. उताराच्या दोनी बाजूला कुंड्यांच्या रांगा, वर फुलांची कमान. एक व्हॅन अर्ध्यात आली, कचकन थांबली. डायवर वरनंच वराडला, "खाली घासतीया सायेब!" व्हॅन मागं गेली. बाळासोनं दोनी हात पसरलं. "बघा मॅडम. काय करू सांगा."

मॅडमनी मान डोलवली आणि लिहाय लागल्या. उतार निकामी असं एकदा लिवलं की कट्टा गेला माझा, कायमचा. मॅडम लिहीत लिहीत राजदूतजवळ आल्या. "ही कुणाची?"

बाळासोचा आवाज लगीच गहिवरला. "आमच्या आण्णांची, मॅडम. ह्याच गाडीमागं म्हसरं पळवून त्येंनी आमाला वाढवलं. कितीबी मोठा झालो तरी मी शेणामातीतलाच माणूस हाय."

शेणामातीतला! थांब लेका, म्हटलं, आज दावतो तुला शेण. तोंडानं मात्र मऊ बोललो. "उगं कशाला सांगतोस रं त्येंना. गाडीचा नुसता सांगाडा हाय ह्यो. आण्णांसंगट गाडीबी गेली. आता कुठली चालू व्हायला?"

"कोण म्हणतंय?"

"मी म्हणतोय. आणि गाडी असंल बी चालू, पर तुला किक कुटली बसायला आता? एसीत बसून बसून गुडघ्याचं लोणी झालंय तुझ्या."

दुकानातली पोरं फिसकन हसली. तेवढं पुरं झालं. बाळासोनं हार काढून फेकला, पांढरी पॅन्ट वर वढली आणि किक मारली. काय न्हाय. त्येनं दात खाल्लं आणि दुसरी हाणली.

फट! फट फट फट फट! तळघर असं दणाणलं की आरसं थरथराय लागलं. बाळासोनं माझ्याकडं बघून मिशीवर ताव मारला आणि वर आणखी पिळला की अॅक्सिलेटर!

आणि मग वरनं हंबरडा आला.

पैली हरणी. शेपटी वर, डोळं मोठं, कमानीतली फुलं शिंगात आडकल्याली. तिच्या मागनं शेवंती आणि पुतळी, दोघी खांद्याला खांदा लावून, कुंड्या उडवत, त्या उभ्या, अरुंद, निकामी उतारावरनं दुडूदुडू पळत आल्या. साड्या दावणारी पोरं काउंटरवर चढली. हरणी पांढऱ्या गादीवर गेली, राजदूतच्या अंगाला अंग लावून उभी राहिली, पेंड कुटं हाय म्हणून इकडंतिकडं बघितलं, आणि मिळंना म्हटल्यावर एक हिरवीगार इरकल तोंडात धरली. पुतळीनं गादीवर शेणाचा पो टाकला. लई दिवसांनी मी पोट धरून हसलो.

"बंद कर! बंद कर!" बाळासो स्वतःलाच वराडत हुता. गाडी बंद झाली. तिघी तितंच उभ्या.

स्नेहल मॅडम एका खांबामागं उभ्या हुत्या. त्या भाईर आल्या, उताराकडं बघितलं, म्हसरांकडं बघितलं. "बाळासो," त्या म्हणल्या, "आता ह्या उतारावरून दोन म्हशी शेजारी शेजारी पळत आल्या."

"मॅडम, ती जनावरं हायती, त्येंचं काय..."

"मोटार एका म्हशीपेक्षा रुंद असते. दोन म्हशींपेक्षा नसते. आणि ती व्हॅन घासली कुठं, ते मला उतारावर दाखवा बरं."

बाळासो उडल्याल्या कुंड्या गोळा कराय लागला.

"तुमच्यापुरता फीचा प्रश्न संपला. तळघर रिकामं करा, गाड्या इथंच लागतील. त्या कट्ट्याच्या जागेची आता आम्हाला गरज नाही." मग माझ्याकडं वळून म्हणल्या, "आणि दराचं तुम्ही म्हणालात ते मी कमिटीपुढं ठेवणार आहे. ज्यांना जमत असून बांधायचं नाही, त्यांना जागेचा भाव कळायलाच हवा."

मी हात जोडलं. पर निघालो न्हाय. अजून काम राहिलंतं.

"आक्का," बाळासो दातओठ खात म्हणला, "काढ ह्यास्नी हितनं."

"मी कशी काढू? गाडीमागनं आल्यात, गाडीमागनंच जातील. आणि मला किक बसत न्हाय बाबा."

शेवंतीनं दुसरी साडी धरली. मग बाळासोनं किक मारली.

आणि मग शिवाजी पेठेनं जे बघितलं ते परत बघायला मिळायचं न्हाय. म्हसरं गावाभाईर न्ही म्हणणारा बाळासो बिल्डर, पांढऱ्या कपड्यात, बापाच्या राजदूतवर, आणि मागनं तीन म्हसरं, एकीच्या शिंगाला इरकल लोंबतीया. लालासाबनं रस्ता आडवून धरल्याला. तालमीतली पोरं धावत आली. शिट्ट्या, आरडावरडा. कोण म्हणतंय, "बाळासो, दिवाळीचा पाडवा आलाय काय हो?" कोण म्हणतंय, "नाद खुळा!" त्येची मान खाली ती खालीच. मी मागनं चालत हुतो, आणि माझी मान वर हुती.

कट्ट्यावर आल्यावर म्हसरं आपापल्या कडीजवळ गेली आणि उभी राहिली. त्येंना कडी कुणी दावावी लागत न्हाय. हरणी, शेवंती, पुतळी. बाळासोनं गाडी चौथ्या कडीम्होरं बंद केली. त्या कडीत दावं न्हवतं. त्येनं कडीकडं बघितलं, मग तिघींकडं, मग परत कडीकडं.

"आक्का, चंद्री कुटं हाय?"

खरं सांगतो, इतका राग मला पाडव्यादिवशीबी आला न्हवता. त्येला ठावंच न्हवतं. माझा निरोप त्येनं ऐकूनबी घेतला न्हवता.

"पाडव्याला जिनं तुझ्या गिऱ्हाइकाच्या गाडीवर चरा पाडला," मी म्हटलं, "ती चंद्री हुती."

त्येचं तोंड पांढरंफटक पडलं. गाडीवरनं उतरला आणि वट्ट्यावर मटकन बसला. कुणाला वाटत आसंल की मला दया आली. न्हाय आली. मी म्हसरांना पेंड घातली, पोटभर, हात धुतलं, हरणीच्या कासंला बसलो. गिऱ्हाईक किटल्या घिऊन उभं हुतं, त्येंच्यात एक परगावचा पावणा.

लहानपणी मार खाल्ला, रडला की बाळासो असाच त्या वट्ट्यावर येऊन बसायचा. आण्णा गिलासात धार काढायचं आणि त्येच्या हातात द्यायचं. त्यो प्यायचा, ओठावर फेसाची मिशी यायची, आणि रडं थांबायचं.

मी गिलास भरला. वर फेस आला. बाळासोनं मान वर केली, डोळं पुसलं आणि हात म्होरं केला.

"गाडी हितंच ठिवून जा," मी म्हटलं. "आण्णांची हाय ती." आणि गिलास त्येच्या मागं उभ्या असल्याल्या पावण्याच्या हातात दिला.